मराठवाड्यातून थीम पार्कची सहल, खिशाला झेपेल अशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीची. घरात सहलीची वही माझ्याकडे असते: कोण किती पैसे देणार, कोणत्या डब्यात कोण, कुणाच्या गोळ्या कुठल्या पिशवीत. दोन लेकरं, सासूबाई आणि नवरा यांना घेऊन काही पार्कं पाहून झाली, आणि तेव्हापासून नणंदेपासून भिशीतल्या बायकांपर्यंत सगळ्यांचे फोन सुरू झाले. प्रश्न तेच तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते.

आमच्याकडून जवळचं मोठं पार्क कोणतं?

तुम्ही मराठवाड्याच्या कोणत्या टोकाला राहता यावर आहे. आपल्याकडे सहल म्हटली की सगळ्यांची तोंडं पुण्या-मुंबईकडे वळतात. पण नांदेड, हिंगोली, परभणी, उदगीर या बाजूच्यांनी आधी हैदराबादकडे बघावं. तिथे वंडरला आहे (2016 मध्ये सुरू झालं) आणि रामोजी फिल्म सिटी. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आमच्या आजेसासऱ्यांची कोर्टकचेरीची कामं हैदराबादलाच असायची. आजही इकडच्या बऱ्याच घरांत तिकडे कुणी ना कुणी चुलत-मावस निघतंच. मुक्कामाचा खर्च तिथेच वाचतो.

संभाजीनगर, जालना, बीडकरांना शिर्डी जवळ, तिथल्या पार्कांबद्दल पुढे लिहिलंय. संभाजीनगरहून शिर्डी सकाळी निघून रात्री परत येण्याइतकी आहे. इमॅजिका हे मोठं थीम पार्क खोपोलीजवळ, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला लागून आहे. पुणे ओलांडून घाट उतरायचा, म्हणजे संभाजीनगरकरांनाही एका दिवसात परत येणं जमत नाही. धाराशिव-लातूरकर मधोमध. त्यांनी ज्या शहरात नातेवाईक आहेत ती दिशा धरावी. हे मी गमतीत सांगत नाही.

सगळ्यात जास्त पैसे तिकिटालाच लागतात ना?

मीही असंच समजत होते. पहिल्या सहलीनंतर वहीत बेरीज मारली तर प्रवास, मुक्काम आणि पार्कच्या आतलं खाणं मिळून तिकिटांच्या पुढे गेलं होतं. पुणे-मुंबईकर सकाळी जाऊन रात्री घरच्या गादीवर झोपतात. आपल्याला मात्र येण्या-जाण्याचा दीड दिवस आणि एक-दोन रात्री विकत घ्याव्या लागतात. त्यामुळे तिकिटावर दहा टक्के सूट कुठे मिळते हे शोधत आठवडा घालवण्यापेक्षा एक रात्र कशी कमी होईल ते बघा. रात्रीची गाडी पकडली की झोप आणि प्रवास एकाच पैशात होतो.

तिकिटाबद्दल एक लक्षात ठेवा. जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरात असतो त्यावर बहुतेकदा जीएसटी वेगळा लागतो. 2018 पर्यंत तो 28 टक्के होता, मग 18 झाला. म्हणजे 1000 चं तिकीट 1180 ला पडतं. चार जणांचे 720 रुपये नुसते कराचे. मोठ्या पार्कात मोठ्या माणसाचं तिकीट हजाराच्या वरच असतं, तेव्हा वहीत आकडा करासकटच लिहा.

एसटी, रेल्वे की स्वतःची गाडी?

राज्यातल्या राज्यात जायचं असेल तर एसटीचं गणित करून बघाच. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. 5 ते 12 वर्षांच्या लेकरांना अर्धं, पाचच्या आतल्यांना काहीच नाही. 65 ते 75 वयाच्यांना अर्धं आणि 75 पूर्ण झालेल्यांना मोफत. आमचं घर धरा: नवरा एक, मी अर्धी, दोन लेकरं अर्धी-अर्धी, सासूबाई 75 च्या पुढच्या. पाच माणसं, अडीच तिकिटं! आधार कार्ड मात्र मूळ जवळ ठेवा, कंडक्टर विचारतो. आणि ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. हैदराबादच्या गाडीत बसलात तर सीमेपुढचं भाडं पूर्ण लागतं. तेलंगणातही बायकांना बस मोफत आहे हे ऐकून काही जणी खूश होतात, पण ती सोय तिथल्या रहिवासी बायकांपुरती आहे.

रेल्वेत पाच वर्षांपर्यंत वेगळा बर्थ न घेता मोफत. 5 ते 12 मध्ये बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, न घेता सोबत झोपवलं तर अर्धं. रात्रभर सहावीतल्या मुलाच्या लाथा खाऊन मी एकदा पैसे वाचवले आहेत (त्याला बारा पूर्ण व्हायला महिना होता), परत करणार नाही. वंदे भारतसारख्या खुर्च्यांच्या गाडीत तर पाचच्या पुढच्या लेकराला पूर्ण तिकीटच. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, आजोबांना तसं आधीच सांगून ठेवा म्हणजे खिडकीवर वाद होत नाहीत.

आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मार्चमध्येच हालचाल करायला हवी. हैदराबादसाठी अजिंठा एक्स्प्रेस ही रात्रीची गाडी संभाजीनगर-जालना-परभणीकरांना चांगली, सकाळी तिकडे पोहोचवते. लातूर-उदगीरहून भालकी, बिदरमार्गे लाइन आहे. खोपोलीच्या बाजूला जायला नांदेड-पनवेल एक्स्प्रेस परळी, लातूर, कुर्डुवाडी, पुणे, लोणावळा करत सकाळी पनवेलला पोहोचते. पनवेलहून खोपोलीकडे एसटी मिळते. शिर्डीसाठी मनमाडच्या अलीकडे नगरसोलला उतरून पुढे जीप किंवा बस.

स्वतःची गाडी माणसं पाच असतील आणि नीट भरून जात असेल तरच स्वस्त. जाऊन-येऊन 600 किलोमीटर आणि लिटरला 15 चं ॲव्हरेज धरलं तर 40 लिटर झाले. पेट्रोल शंभरीपार आहे, आणि आमच्या परभणीचं पेट्रोल तर राज्यात महाग म्हणून कितीदा बातम्यांत येऊन गेलं. चार हजारांच्या वर इंधन, टोल वेगळा. तरी लहान बाळ असेल तर मी गाडीच म्हणेन.

समृद्धीवरून जायला परवडतं का?

जालना-संभाजीनगरकरांना शिर्डीसाठी हा रस्ता सरळ आहे. 701 किलोमीटरचा नागपूर-मुंबई रस्ता जून 2025 मध्ये पूर्ण उघडला. टोल किलोमीटरवर लागतो, तेव्हा मध्येच चढून उतरलात तर तेवढ्याचाच. जुने टायर असतील तर उन्हाळ्यात भर दुपारी जाऊ नका. सिमेंटचा रस्ता तापतो आणि टायर फुटतात.

कोणत्या दिवसात जावं?

मंगळवार, बुधवार, गुरुवार. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. शनिवार-रविवारी तिकीट जास्त आणि रांगा लांब, म्हणजे जास्त पैसे देऊन कमी राइड. नाताळचा आठवडा, दिवाळीनंतरचे चार-पाच दिवस आणि मे महिना टाळता आला तर टाळा.

पण आपल्याकडचं कॅलेंडर शाळेवर चालत नाही, शेतावर चालतं. जूनमध्ये पार्कं रिकामी असतात, तेव्हा घरातली माणसं पेरणीच्या चिंतेत. मे महिन्यात लग्नसराई. सोयाबीन विकून हातात पैसा येतो तो दिवाळीच्या आसपास, तेव्हाच गर्दीही सगळ्यांत जास्त. आम्ही यावर तोडगा काढला तो डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचा: रब्बीची पेरणी उरकलेली असते आणि नाताळची गर्दी सुरू झालेली नसते. लेकरांच्या दोन दिवस शाळा बुडतात. बाईंना खरं कारण सांगितलं होतं, त्या नुसत्या हसल्या.

खोपोलीकडे जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण तो पाऊस आपल्या पावसासारखा नसतो. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात, आणि पैसे परत मिळतील अशा भरवशावर राहू नका. वॉटर पार्कसाठी डिसेंबरही वाईटच, पाण्यात लेकरं कुडकुडतात. ते फेब्रुवारी-मार्चच्या आठवड्यातल्या दिवसांसाठी ठेवा.

लेकरांचं तिकीट वयावर की उंचीवर?

उंचीवर, आणि इथेच जन्मदाखला घेऊन गेलेले आई-बाप फसतात. बहुतेक पार्कांत गेटवर पट्टी असते. वंडरलात 85 सेंटिमीटरच्या आत मोफत, 140 पर्यंत लहान मुलाचं तिकीट आणि त्यापुढे मोठ्याचं. आमचा मुलगा सहावीतच 140 ओलांडून गेला आणि मोठ्या माणसाच्या भावात आत गेला. रडला नाही, उलट छाती काढून चालत होता.

उंची दुसऱ्या कारणासाठीही बघायची. मोठ्या रोलर कोस्टरना साधारण 140 च्या आसपासची अट असते. म्हणजे 120 ते 135 मधलं लेकरू जाहिरातीत जे बघून हट्ट धरतं, नेमक्या त्याच राइडला त्याला नाही म्हणतात. तेव्हा घरीच दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलने खूण करा, बूट काढून. मग पार्कच्या साइटवर प्रत्येक राइडची अट वाचा आणि लेकरासमोरच यादी करा. घरी झालेली रडारड तिकडच्या रडारडीपेक्षा स्वस्त पडते. दोन वर्षांनी उंची बसणार असेल तर सहलच दोन वर्षांनी करा. माझ्या मते पार्क निवडताना घरातल्या सगळ्यात बुटक्या लेकराकडे बघावं.

शिर्डीला दर्शन आणि पार्क एकाच फेरीत होतं का?

होतं, आणि कमी पैशात सगळ्यांना खूश करणारी हीच फेरी. तिथे वेट एन जॉय हे वॉटर पार्क आहे आणि साई तीर्थ नावाचं भक्तीवर आधारलेलं थीम पार्क. दोन्ही एकाच समूहाची. साई तीर्थमध्ये लंका दहनाचा शो, द्वारकामाईचा शो असे बसून बघायचे प्रकार आहेत, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांचे पाय दुखत नाहीत. लेकरं आणि बाप पाण्यात, आजी आणि मी साई तीर्थात, अशी आम्ही फाळणी केली होती.

मुक्काम संस्थानच्या भक्तनिवासात करा: साईआश्रम, द्वारावती. आरक्षण संस्थानच्या अधिकृत साइटवरूनच. गूगलवर पहिला दिसेल तो नंबर फिरवून पैसे पाठवू नका, भक्तनिवासाच्या नावाने फसवणाऱ्या खोट्या साइट असतात. आमच्या गल्लीतल्या एका घराचे असेच पैसे गेले. प्रसादालयात जेवण मोफत आहे, कुपन घ्यावं लागतं. रात्रीचं जेवण तिथे झालं की दिवसाचा खाण्याचा खर्च निम्म्यावर येतो. गुरुवारी मात्र जाऊ नका, बाबांच्या वाराची गर्दी असते. वर सांगितलेल्या तीन दिवसांतून शिर्डीपुरता गुरुवार वजा.

हैदराबादला रामोजी की वंडरला?

लेकरं दहाच्या पुढची आणि उंच असतील तर वंडरला. घरात आजी-आजोबा, लहान बाळ किंवा सिनेमाचं वेड असलेलं कुणी असेल तर रामोजी. रामोजी म्हणजे पाळण्यांचं पार्क नव्हे. जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीजमध्ये नोंद असलेली ती जागा आहे, बसमधून सेट दाखवत फिरवतात. मधे शो असतात. दोन्ही शहराबाहेर आहेत आणि दोन्हींना पूर्ण दिवस लागतो. एका दिवसात दोन्ही दाखवतो म्हणणाऱ्या ड्रायव्हरला हसून नमस्कार करा. रामोजीसाठी मेट्रोने एल. बी. नगरपर्यंत जाऊन पुढे बस धरली तर कॅबचे पैसे वाचतात.

दुसरा दिवस स्वस्तात घालवा. चारमिनार, सालारजंग म्युझियम (शुक्रवारी बंद), नेहरू प्राणिसंग्रहालय (सोमवारी बंद). मुक्कामासाठी रेल्वेची रिटायरिंग रूम बघा. कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन मिळते, बायका-लेकरांसह स्टेशनातच राहायला मला तरी बरं वाटतं.

इमॅजिका एका दिवसात बघून होतं का?

आठवड्यातल्या दिवशी, गेट उघडताना हजर असाल तर होतं. 2013 मध्ये सुरू झालेलं हे पार्क. थीम पार्क आणि वॉटर पार्कची तिकिटं वेगळी आहेत. एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नका, दोन्ही अर्धवट राहतात. आत शिरल्यावर सगळे गेटजवळच्या गोष्टींत रमतात, तेव्हा तुम्ही सरळ नायट्रोसारख्या मोठ्या राइडकडे चाला. दुपारी उन्हात बंद खोलीतल्या राइड करा. राजासॉरसच्या पाण्यातल्या सफरीत भिजायला होतं, एक टी-शर्ट जादा ठेवा. जाताना लेकरांना सांगा की राजासॉरस हा मनाने रचलेला प्राणी नाही. नर्मदेच्या खोऱ्यात हाडं सापडलेला आपल्याकडचाच डायनासोर आहे.

मुक्काम खोपोलीतल्या किंवा पनवेलच्या साध्या लॉजवर. लोणावळ्यात शनिवार-रविवारी भाव विचारूसुद्धा नका.

जादा पैसे भरून रांग टाळायचं एक्स्प्रेस तिकीट घ्यावं का?

मंगळवारी-बुधवारी गेलात तर वाया. सुट्टीच्या रविवारीच जाणं भाग असेल तर विचार करा.

बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का?

नाही. बॅगा तपासतात. लहान बाळाचं खाणं आणि औषधं चालतात, पण आधी विचारून घ्या. आतली एक प्लेट आणि बाहेरचं पोटभर जेवण यांची किंमत बघून आमच्या सासूबाईंनी आत पाणीसुद्धा प्यायचं नाही ठरवलं होतं. पिण्याचं पाणी आत मोफत मिळतं, रिकामी बाटली सोबत असली की झालं.

आमची पद्धत अशी: घरून धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे खडे. दशमी दुधात भिजवलेली असली तर प्रवासात चांगली टिकते. पहाटे गाडीत एकदा आणि गेटबाहेर सावलीत बसून एकदा, असं पोटभर खाऊन आत शिरायचं. मग आत एकच जेवण, तेही दुपारी तीनला, रांग संपल्यावर. आत लेकरांना एक आइस्क्रीम ठरलेलं, त्यावर वाटाघाटी नाहीत. कोल्हापूरच्या एका बाईंनी शेजारच्या कट्ट्यावरून धपाटे मागून खाल्ले आणि बदल्यात भडंग दिलं. ती दुपार लेकरांना राइडपेक्षा जास्त आठवते.

वॉटर पार्कात साडी किंवा पंजाबी ड्रेस चालतो का?

चालत नाही. सुती कपडेही चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. तिथे भाड्याने मिळतात, वर डिपॉझिट असतं, आणि कुणी घालून काढलेले असतात. घरूनच प्रत्येकाची नायलॉनची टी-शर्ट आणि लेगिंग घेऊन चला. आपल्या बाजारात भाड्याच्या एक-दोन फेऱ्यांच्या पैशांत विकत मिळते आणि नंतर नदी-विहिरीवर चालते. लॉकर चौघांत एकच घ्या. मंगळसूत्र, कानातलं घरी. पाटल्या तर नाहीच.

आई-बाबांना नेऊन उपयोग आहे का?

उपयोग आहे, पण त्यांना राइडवर बसवायचा हट्ट धरू नका. हृदयाचा, मणक्याचा त्रास असणाऱ्यांना आणि गरोदर बायकांना मोठ्या राइडवर बसू देत नाहीत, तिथे पाटी असते. ज्येष्ठांना तिकिटात सूट असते का ते बघा. मुख्य म्हणजे बसायला सावलीची जागा हेरून ठेवा आणि बॅगा त्यांच्याकडे द्या.

टँकरच्या गावातली माणसं आम्ही. पाण्याची एवढी उधळपट्टी बघवत नाही.

हा प्रश्न सासूबाईंचा. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यांची बहीण लातूरला, तेव्हा त्या तिथेच होत्या, घागरींच्या रांगेत. लाटांच्या तलावाकडे बघून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मी सांगितलं की तेच पाणी गाळून, शुद्ध करून फिरवतात, रोज नवीन भरत नाहीत. पटलं का माहीत नाही. पण थोड्या वेळाने पदर खोचून पावलं भिजेपर्यंत पाण्यात जाऊन आल्या.

एस्सेलवर्ल्डला जायचं होतं. आणि डिस्नेलँड भारतात कुठे आहे?

एस्सेलवर्ल्ड 1989 ला सुरू झालं आणि 2022 मध्ये बंद झालं. डिस्नेलँड भारतात नाहीच. आपल्याकडे मैदानावर महिनाभर तंबू ठोकून जे "डिस्नेलँड" येतं, त्याचा त्या डिस्नेशी काही संबंध नाही.

आम्ही वीस-पंचवीस जण आहोत, मग?

मग जीपा करण्यापेक्षा आगारात जाऊन प्रासंगिक कराराची चौकशी करा. अख्खी एसटी ठरवता येते. किलोमीटरप्रमाणे आकार आणि अनामत रक्कम असते, ठरावीक किमान किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात. शाळेची सहल असेल तर भाड्यात निम्मी सवलत मिळते, मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. आणि पार्कातही ठरावीक संख्येच्या पुढे ग्रुप तिकीट असतं. त्यासाठी आधी फोन करा, गेटवर गेल्यावर मिळत नाही.

पैसे साठवायचे कसे?

आम्ही दहा बायकांनी सहलीची वेगळी भिशी केली, महिन्याला 500. दहा महिने, दहा चिठ्ठ्या. ज्यांची चिठ्ठी सुट्टीच्या आधी निघते त्या खूश. माझी नवव्या महिन्यात निघाली. 5000 मध्ये सगळी सहल होत नाही, पण मोठ्यांची तिकिटं तरी निघतात आणि घरखर्चाच्या डब्याला हात लागत नाही.

आणि यंदा जमलंच नाही तर?

पावसाने दगा दिला की नाही जमत. आम्हीही एक वर्ष नाही गेलो. त्या वर्षी मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेला गेलो, लोह्याजवळ, खंडोबाची. घोडे, गाढवं, उंट बघून झाले, मग आकाशपाळणा आणि मौत का कुआँ. पाळण्यावाल्याने उंची विचारली नाही. धाकटीला त्याने आजीच्या मांडीवर बसवलं आणि पाळणा सर्वात वर असताना थांबवला, तेव्हा आजी खाली बघून माझ्या नावाने ओरडत होती.